युरोपात चर्चची पकड नेमकी सुटली कधी आणि कशामुळे?

वाटसरू_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दर महिन्याला अभ्यासमंडळ भरतं, पुढच्या वेळी बोलायची पाळी माझी आहे आणि विषय मीच मागून घेतलाय: पश्चिमेतला समाज इहवादी कसा झाला. शाळेपासून आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. १६३३ साली चर्चनं गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली, मग न्यूटन आला, व्हॉल्तेअर आला, १८५९ ला डार्विन आला आणि लोकांची श्रद्धा उडाली. टिपणं काढायला सुरुवात तिथूनच केली, पण एका आकड्यापाशी अडलोय.

३० मार्च १८५१ च्या रविवारी इंग्लंड-वेल्समध्ये सरकारनं प्रार्थनेला आलेल्यांची मोजणी केली होती. हजेऱ्या भरल्या १ कोटीच्या वर, आणि तेव्हाची लोकसंख्या १ कोटी ८० लाखांच्या आत. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा आलेले लोक वजा केले तरी निम्म्याच्या आसपास माणसं त्या दिवशी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, होती. (आणि तरी तेव्हाचे लोक 'एवढे कमी कसे' म्हणून हादरले होते!) म्हणजे गॅलिलिओला दोनशे वर्षं उलटून गेली तरी चर्च भरलेली. २०२१ च्या जनगणनेत तिथेच स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ४६.२ टक्के उरलेत, २००१ ला ते सत्तरीच्या पुढे होते. मग पकड सुटली कशानं? विज्ञान, छापखाना, युद्धं, पैसा, की आणखी काही? तुमची मतं आणि अनुभव दोन्ही लिहा, बाहेर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

अर्धाकप

वाचतोय. आठव्या हेन्रीला विसरू नका हां. पोप काडीमोडाला हो म्हणेना म्हणून पठ्ठ्यानं १५३४ साली अख्खं चर्चच स्वतःच्या नावावर करून घेतलं. बायकोपायी सासर सोडणारे पाहिलेत, धर्मपीठ सोडणारा हा एकच.

ग्रंथपाल_वर्धा

वाटसरू, माझ्या मते विज्ञानाचा नंबर फार नंतर लागतो, त्याआधी माणसं एकमेकांना मारून मारून थकली. १५१७ ला जर्मनीत लूथरनं पोपविरुद्ध तोंड फोडलं, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन तट पडले, त्यानंतर सव्वाशे वर्षं पश्चिम आणि मध्य युरोप धर्माच्या नावानं जळत होता. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. जर्मन मुलखात १६१८ ते १६४८ असं तीस वर्षं युद्ध चाललं, त्यात काही प्रांतांमधली निम्म्याहून जास्त वस्ती नाहीशी झाली, तलवारीनं कमी आणि भूक-रोगराईनं जास्त.

मला ह्यात सगळ्यात बोलका वाटतो तो १६४८ चा वेस्टफालियाचा तह. कोणतं मठ, कोणतं चर्च कुणाचं, हे भांडण मिटवायला त्यांनी काय केलं? खरा धर्म कुणाचा हे विचारणं सोडून दिलं आणि सरळ एक तारीख धरली: १ जानेवारी १६२४. त्या दिवशी ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याचं. ओस्नाब्रुक नावाच्या बिशपच्या संस्थानात तर ठरलं की एकदा कॅथलिक बिशप, त्याच्यानंतर प्रॉटेस्टंट, मग पुन्हा कॅथलिक. पोपनं कडाडून निषेध केला, सह्या करणाऱ्यांनी तो कानाआड केला. ज्या दिवशी पोपचा निषेध कानाआड करून राजेलोक सही करू शकले, तिथून राज्यकारभार देवाच्या नावानं चालणं संपायला लागलं असं मी मानतो. बाउत्सेन गावात तर त्याच्याही आधीपासून एकच मोठं चर्च दोन्ही पंथ वापरतात, मधे जाळी घालून. एका बाजूला हे, एका बाजूला ते. आजही.

टिपणवही

त्या जाळीची गोष्ट माहीत नव्हती! वाचनखूण साठवली.

चष्मिष्ट

ग्रंथपालकाका, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे असहमत. दमून गप्प बसणं वेगळं आणि समोरच्याला वेगळं मानायचा हक्क आहे हे मनापासून पटणं वेगळं, पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही. १५९८ ला नांतच्या फर्मानानं फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना सवलती मिळाल्या, तीही थकूनच दिलेली होती, आणि १६८५ ला चौदाव्या लुईनं ते फर्मान रद्द करून टाकलं, लाखावर माणसं देश सोडून पळाली. दम परत आला की मारामारी परत सुरू होते हो.

त्यासाठी कुणीतरी डोकं लढवावं लागलं. स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञाला १६५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं वाळीत टाकलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १६७० ला त्यानं पुस्तक काढलं ते निनावी, छापल्याचं गावही खोटं टाकून, आणि त्यात मांडलं काय तर बायबल हे माणसांनी त्या त्या काळात लिहिलेलं आहे, तेव्हा ते इतर जुन्या ग्रंथांसारखंच तपासून वाचा, आणि राज्याचं काम माणसाला मोकळेपणानं विचार करू देणं हे आहे. चार वर्षांत बंदी आली. इंग्लंडच्या लॉकचं सहिष्णुतेचं पत्र १६८९ ला छापून आलं तेही महत्त्वाचं, पण त्यानं नास्तिकांना बाहेर ठेवलं आणि पोपशी निष्ठा असलेल्यांनाही. स्पिनोझा त्याच्या पुढे होता. आणि व्हॉल्तेअरला शाळेच्या पुस्तकात नुसता टिंगलखोर म्हणून का आणतात मला कळत नाही. तुलूजमध्ये झां कालास नावाचा प्रॉटेस्टंट कापडव्यापारी होता, मुलगा घरात मेलेला सापडला, गावानं ठरवलं की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानंच मारला. मार्च १७६२ मध्ये म्हाताऱ्याला चाकावर हाडं मोडून मारलं. व्हॉल्तेअर तीन वर्षं हात धुऊन त्या खटल्याच्या मागे लागला, पत्रं लिहिली, पैसे गोळा केले, आणि १७६५ ला निकाल फिरवून घेतला. हे विचारांचं काम आहे, थकव्याचं नाही.

रामदासी_बाणा

हा सगळा त्यांच्या घरचा मामला आहे. एक पोप, एक ग्रंथ, एकच चर्च आणि पाखंडी ठरवून जाळायची सोय. रोग त्यांचा, औषध त्यांचं. आपल्याकडे तो रोगच नव्हता तर ते औषध आपण का घ्यायचं?

खारूताई

विषय युरोपचा आहे, इथलं राजकारण आलं की धागा दुसऱ्या दिवशी कुलूपबंद होतो हे सगळ्यांना माहितीये. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येईन मी भांडायला.

दुर्वांकुर_पुणे

रामदासी, औषधाचं राहू दे, पण तुमच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे इतरांनी लक्ष दिलेलं नाही. चर्च ही राजापासून वेगळी, स्वतःचा कायदा, स्वतःची कोर्टं, स्वतःचा कर असलेली संस्था होती. म्हणूनच तिचं आणि राजाचं भांडण होऊ शकलं. आणि ते भांडण सुरू केलं पोपनं! जानेवारी १०७७ मध्ये जर्मन राजा (पुढे सम्राट झालेला) चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला, सातव्या ग्रेगरीनं बहिष्कार मागे घ्यावा म्हणून. मूळ वाद होता बिशप नेमायचे कुणी. पन्नासेक वर्षं तो घोळ चालला आणि ११२२ ला वोर्म्समध्ये तोडगा निघाला: बिशपला अंगठी आणि धर्मदंडाची काठी चर्च देणार, ती आध्यात्मिक सत्ता, जमीनजुमला आणि कारभाराची सत्ता सम्राट देणार, राजदंडाला हात लावून.

एकाच माणसाचे दोन हुद्दे दोन वेगवेगळ्या हातांनी दिले जातात! देवाचं काय आणि राज्याचं काय ह्याची विभागणी कागदावर पहिल्यांदा अशी उतरली, आणि तीही चर्चला स्वतःचं स्वातंत्र्य हवं होतं म्हणून. त्यामुळे वाटसरू, तुम्ही १६३३ पासून सुरुवात केलीत तर पाचशे वर्षं उशिरा पोचाल.

श्टुटगार्टकर

नेहमी वाचनमात्र असतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. इथे जर्मनीत आलो तेव्हा पत्ता नोंदवायला गेलो आणि त्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना. मला वाटलं आकडेवारीसाठी असेल. बरोबरच्या केरळी मित्रानं सरळ 'रोमन कॅथलिक' लिहिलं आणि पहिल्या पगारात कात्री लागली. चर्च-कर! बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकीकडे ९. (आयकराच्या टक्के, पगाराच्या नाही, त्यामुळे घाबरू नका.) कंपनी कापते, सरकार गोळा करतं आणि चर्चला देतं. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन, फी भरून, चर्च सोडल्याचा कागद घ्यायचा. गेल्या काही वर्षांत दरवर्षी लाखोंनी लोक तो कागद घेताहेत. आता सांगा, चर्च सोडायचं तर पाद्र्याकडे जायचं नाही, नगरपालिकेत जायचं!

हे असं का, म्हणून खोदत गेलो तर गाडी १८०३ ला जाऊन थांबली. नेपोलियनमुळे ऱ्हाइनच्या डाव्या काठचा मुलूख फ्रान्सकडे गेला, तिथले जर्मन राजेरजवाडे म्हणाले आमची भरपाई द्या. ती कुठून द्यायची? चर्चच्या जमिनीतून. फेब्रुवारी १८०३ मध्ये रेगेन्सबुर्गला एक मोठा ठराव झाला आणि बिशप लोकांची राज्यंच्या राज्यं, मठांच्या इस्टेटी, सगळं राजांना वाटून टाकलं. व्युर्त्सबुर्ग, बाम्बेर्ग ही बिशपांची राज्यं होती, गेली. बायर्नमध्ये सरकारी माणसं मठामठात फिरून पुस्तकं, भांडी, चित्रं उचलून आणत होती. बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात असंच सामान काढताना एक जुनं हस्तलिखित मिळालं, त्यात दारू, जुगार आणि प्रेमाची लॅटिन गाणी! तेच 'कार्मिना बुराना', आज म्युनिकच्या सरकारी ग्रंथालयात आहे.

तर जमिनी गेल्यावर पाद्री खाणार काय, म्हणून पुढे चर्च-कर आला. आणि त्या १८०३ च्या बदल्यात राज्यं अजूनही चर्चला दरवर्षी ५० कोटी युरोंच्या वर रक्कम देतात. १९१९ च्या जर्मन (वायमार) राज्यघटनेत लिहिलंय की ही देणी एकरकमी चुकती करून संपवा. ते कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं उतरलं आणि देणी अजून चालू आहेत.

माझं म्हणणं असं की तुम्ही सगळे पुस्तकं आणि युद्धांवर बोलताय, पण बघा जमीन कुणाकडून कुणाकडे गेली. हेन्री आठव्यानं १५३६ ते १५४० मध्ये आठशेच्या आसपास मठ बंद करून जमिनी विकल्या. ज्या सरदारांनी त्या घेतल्या ते पुढे मरेपर्यंत पोपला परत येऊ देणार होते का? त्याची मुलगी मेरी गादीवर आली, देश परत कॅथलिक केला, पण मठांच्या जमिनी तिलासुद्धा परत घेता आल्या नाहीत. श्रद्धा फिरवता आली, सातबारा नाही.

अर्धाकप

श्टुटगार्टकर, असं वाचनमात्र राहणं बरं नव्हे, लिहीत जा राव.

म्हापशेकर

जमिनीचा आणि मठांचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं लिहितो, कारण ही युरोपची गोष्ट आमच्या दारापर्यंत आलेली आहे आणि मराठी माणसाला ती माहीत नसते.

१ नोव्हेंबर १७५५ ला, नेमकं सर्व संतांच्या सणाला, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला. मग समुद्राची लाट, मग आग. चर्च पडली आणि म्हणतात वेश्यावस्ती वाचली, त्यामुळे देवाचा कोप कुणावर हा प्रश्न युरोपभर गाजला. पंतप्रधान पोंबाल म्हणाला कारणं नैसर्गिक आहेत, शहर बांधायला घ्या. त्यानं गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ होता, समुद्र आधी मागे गेला का, किती घरं पडली. मालाग्रिडा नावाचा जेजुइट (येशूसंघ नावाच्या कॅथलिक संघाचा) पाद्री सांगत फिरत होता की हे पापाचं फळ आहे, घरं बांधू नका, प्रायश्चित्त घ्या. १७५९ ला पोंबालनं जेजुइटांना हाकललं, गोव्यातूनसुद्धा, त्यांच्या इस्टेटी सरकारजमा झाल्या. १७६१ ला मालाग्रिडाला लिस्बनमध्ये मारलं, तेही इन्क्विझिशनच्याच हातून! म्हणजे धर्मन्यायालय आता मंत्र्याच्या खिशात होतं. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं.

पुढे १८३४ ला पोर्तुगालनं सगळे मठवासी संघ बरखास्त केले आणि लगेच गोव्यातही तेच झालं. जुन्या गोव्यात गेलात तर मोंते सांतूवर सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा दिसतो, पर्यटक समजतात कुठल्या तरी लढाईत पडला. लढाई नाही. मठ रिकामा केला, निगा राखायला कुणी उरलं नाही, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. आज उरलेल्या जांभ्याच्या उंच भिंतीवर पावसाळ्यात शेवाळ चढतं, खाली जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांच्यावरची अक्षरं झिजलीत तरी वाचता येतात. पश्चिमेतलं चर्च आणि राज्य वेगळं होणं म्हणजे काय ते हाताला लागतं तिथे.

आणि खरा बदल १९१० चा. ऑक्टोबरमध्ये लिस्बनला राजा गेला, प्रजासत्ताक आलं, नोव्हेंबरमध्ये घटस्फोटाचा कायदा, १९११ ला मुलकी नोंदणी आणि २० एप्रिलला चर्च-राज्य फारकतीचा कायदा. गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचं स्थान मिळालं ते ह्या वेळी, ह्याची आठवण जुनी माणसं काढायची. आजही आमच्याकडे लग्न म्हणजे आधी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन इराद्याचं निवेदन, मग काही दिवसांनी परत जाऊन पक्की सही, आणि मग भटजी किंवा पाद्री. माझ्या मुलीच्या लग्नात मुंबईचे पाहुणे विचारत होते, की मुहूर्ताच्या आधीच ही नवराबायको कशी झाली?

टिपणवही

म्हापशेकर, कमाल प्रतिसाद. मनोरा दोनदा पाहिला, हे कुणीच सांगितलं नाही.

दुर्वांकुर_पुणे

म्हापशेकरांनी नकळत किल्ली हातात दिलीये. नोंदवही! वाटसरू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथे आहे, जरा सविस्तर लिहिते.

जुन्या युरोपात माणूस जन्मला ह्याचा पुरावा काय? बाप्तिस्म्याची नोंद. लग्न झालं, मेला, सगळं पाद्र्याच्या वहीत. फ्रान्समध्ये १५३९ ला राजानं हुकूमच काढला की पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायच्या. आता १६८५ नंतरच्या फ्रेंच प्रॉटेस्टंटाचा विचार करा. कायद्यानं तो अस्तित्वातच नाही. त्यानं रानात जाऊन आपल्या पाद्र्यासमोर लग्न केलं तर ते लग्न नाही, बायको रखेल, मुलं अनौरस, आणि बापाच्या इस्टेटीवर चुलत्यानं दावा लावला तर कोर्टात पोरांकडे काहीच नाही. शंभर वर्षं असं चाललं. १७८७ ला राजानं त्यांना नोंदणीची परवानगी दिली, आणि २० सप्टेंबर १७९२ ला क्रांतीच्या सभेनं पाद्र्यांच्या हातातल्या वह्याच काढून नगरपालिकेकडे दिल्या. त्याच दिवशी घटस्फोटाचा कायदाही झाला. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, कुणीही असो, जन्ममृत्यूची वही एक.

दहा दिवसांचा आठवडा, नोत्र-दामात विवेकदेवीचा उत्सव, हे सगळं क्रांतीतलं नाटक आलं आणि गेलं, नेपोलियननं १८०१ ला पोपशी करार करून चर्च परत उघडली. पण ती वही मात्र त्यानं परत दिली नाही. इंग्लंडमध्येही बघा, १७५३ च्या कायद्यानं क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन, म्हणजे तिथल्या सरकारी, चर्चमध्येच लग्न करावं लागायचं, मुलकी नोंदणी आली जुलै १८३७ मध्ये.

आणि इथे श्रद्धेचा काही संबंध नाही हे लक्षात घ्या. १७९२ चा शेतकरी आधीइतकाच श्रद्धाळू होता. फक्त आता चर्चला न विचारता जन्मता, लग्न करता आणि मरता येत होतं. ज्याला सोडायचं त्याला दार उघडं झालं. बाहेर पडायला लोकांनी पुढची दीडशे वर्षं घेतली.

फाटकी_वही

दुर्वाताई, इंग्लंडमधलं दार किती उशिरा उघडलं त्याची एक गोष्ट सांगतो, आपल्याशी संबंध आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ, उघड नास्तिक, १८८० ला नॉर्दॅम्टनमधून निवडून आला. शपथ घ्यायची तर देवाच्या नावानं, तो म्हणाला मी नुसतं वचन देतो, सभागृह नाही म्हणालं. मग म्हणाला बरं, शपथ घेतो, तर म्हणे तुझा विश्वास नाही तर तुझी शपथ खोटी. पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं त्याला! मतदार पुन्हा पुन्हा त्यालाच निवडून देत होते. १८८६ ला एकदाचा बसू दिला, १८८८ ला त्यानंच कायदा करून घेतला की ज्याला देवाची शपथ नको त्यानं वचन द्यावं. आणि हाच माणूस १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. तीन वर्षांनी दादाभाई नौरोजी निवडून आले तेव्हा ते अवेस्ता हातात घेऊन शपथ घेऊ शकले.

दुसरा धागा जोतीरावांचा. १८४७ ला त्यांनी थॉमस पेन वाचला, तो माणसाच्या हक्कांबद्दल लिहिणारा पेन. ह्याच पेनचं धर्मचिकित्सेचं पुस्तक छापलं म्हणून रिचर्ड कार्लाइल नावाच्या प्रकाशकाला इंग्लंडात १८१९ ला तुरुंगात टाकलं, सहा वर्षं आत होता. लंडनमध्ये ज्याच्यासाठी तुरुंग भोगावा लागला ते विचार अठ्ठावीस वर्षांनी पुण्यात एक विशीतला तरुण वाचत होता. मला हे वाचलं की अजूनही भरून येतं.

मॉन्ट्रियलची_मीरा

दुर्वा म्हणते ते दार मी जवळून पाहिलंय. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९६० पर्यंत शाळा, इस्पितळं, अनाथालयं सगळं चर्चकडे होतं, प्रांताला शिक्षणमंत्रीच नव्हता, १९६४ ला नेमला. फक्त मुलकी लग्न १९६८ च्या कायद्यापर्यंत शक्यच नव्हतं, आणि जन्मनोंदीसाठी चर्चची वही तर १९९४ पर्यंत चालत होती! आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, मोठ्या खटल्यातल्या, भावंडंच भावंडं. त्या सांगायच्या, वर्षातून एकदा पाद्री घरी यायचा आणि आईला विचारायचा, धाकटं दीड वर्षाचं झालं, अजून पुढचं का नाही? आजींनी स्वतः दोनच मुलं केली, गर्भनिरोधक गोळी घेतली, आणि १९६८ ला पोपनं गोळीवर बंदी घालणारं पत्र काढलं त्यानंतर चर्चला जाणं सोडलं. भांडण नाही, तंडण नाही. एका रविवारी गेल्या नाहीत, मग पुढच्याही गेल्या नाहीत. लग्न-मयताला जायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दाराच्या वर क्रूस मात्र होता, तो कधी काढला नाही.

अवांतर: इथल्या सगळ्या शिव्या चर्चच्या सामानाच्या आहेत. 'ताबार्नाक' म्हणजे प्रसाद ठेवायची पेटी, 'कालिस' म्हणजे पूजेचा प्याला. बर्फात गाडी अडकली की शेजारी अख्खं देवघर बाहेर काढतो.

अर्धाकप

देवघर बाहेर काढतो =)) बरं मला सांगा, हे सगळं खरं तर अमेरिका इतकी धार्मिक कशी राहिली? तिथे तर चर्च आणि सरकार सगळ्यात आधी वेगळं केलं.

ग्रंथपाल_वर्धा

म्हणूनच राहिली असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मला पटतं. तिथे फारकत मागणारे खुद्द भाविक होते. रॉजर विल्यम्स हा पाद्री, मॅसॅच्युसेट्सनं हाकलल्यावर त्यानं १६३६ ला प्रॉव्हिडन्स वसवलं, त्याची चिंता ही की राज्य चर्चला बाटवेल. १८०२ ला राष्ट्राध्यक्ष जेफरसननं चर्च आणि सरकारमधल्या भिंतीबद्दलचं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं ते डॅनबरीच्या बाप्टिस्ट लोकांना, कारण कनेक्टिकटमध्ये दुसऱ्याच पंथाचं चर्च सरकारी होतं आणि त्याचा जाच ह्यांना होत होता. मॅसॅच्युसेट्सनं शेवटचं सरकारी चर्च १८३३ ला मोडलं. चर्चला सरकारी पगार नाही, मग पाद्र्याला माणसं धरून ठेवावीच लागतात. शिवाय राजावर राग आला म्हणून चर्चवर राग काढायचं कारण नाही, फ्रान्समध्ये दोघं एकाच खाटेवर होते.

चष्मिष्ट

दुर्वाताई, वहीचा मुद्दा जबरदस्त आहे, पण वही पाद्र्याकडून काढून घ्यावी हे १७९२ मध्ये कुणाच्या डोक्यात आलं? ते लोक व्हॉल्तेअर वाचूनच सभेत बसले होते. आणि जर्मनीत १८३५ ला श्ट्राउसनं येशूचं चरित्र चिकित्सकपणे लिहिलं, त्याची प्राध्यापकी गेली, ते पुस्तक इंग्रजीत आणलं पुढे जॉर्ज एलियट नावानं लिहिणाऱ्या बाईंनी. बायबलची ही अभ्यासकी चिकित्सा डार्विनच्या आधीची आहे आणि सुशिक्षित पाद्र्यांच्या पोरांची श्रद्धा तिनंच हलवली. कागद हलतो तो विचारानं.

दुर्वांकुर_पुणे

मान्य, सभेत बसणारे वाचून आले होते. पण वाचणारे मूठभर होते, आणि वाटसरूंचा प्रश्न कोट्यवधी लोकांबद्दल आहे. मीराच्या आजींनी श्ट्राउस वाचला नव्हता.

वाटसरू_सातारा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बोलायचा क्रम असा लावतोय: सुरुवात कानोसा आणि वोर्म्स, मग १६२४ ची ती तारीख, स्पिनोझा आणि कालास, मधोमध २० सप्टेंबर १७९२ आणि तिथे थोडं थांबणार, मग १८०३, गोवा (म्हापशेकर, मनोऱ्याचा फोटो असेल तर टाका, पडद्यावर दाखवतो), ब्रॅडलॉ, आणि शेवटी क्वेबेक. डार्विनला पाच मिनिटं. म्हणजे आधी जमीन गेली, मग वही गेली, मग शाळा आणि इस्पितळं, आणि श्रद्धा सगळ्यात शेवटी, १९६० नंतर. बायकांनी जाणं सोडलं तेव्हा पोरंही गेली नाहीत, कारण पोरांना चर्चला नेणारी आईच होती. हा क्रम बरोबर वाटतो का?

म्हापशेकर

फोटो उद्या टाकतो. पावसाळ्यातला आहे, चालेल ना?

गॉलवे_ते_गडहिंग्लज

उशिरा आलो. क्रम छान आहे पण आयर्लंडला बसत नाही, त्यामुळे प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर तयारी ठेवा. इथे अजूनही दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. म्हणजे शाळा गेलीच नाही. १९३७ च्या घटनेत चर्चला खास स्थान होतं, ते कलम १९७२ ला निघालं. १९९५ ला घटस्फोटाचं सार्वमत कसंबसं नऊ हजारांच्या आसपास मतांनी पार पडलं, आणि वीस वर्षांत, २०१५ ला, त्याच देशानं समलिंगी लग्नाला सरळ बहुमत दिलं. मधे घडलं काय? मुलांवर पाद्र्यांनी केलेल्या अत्याचारांचे अहवाल आले, २००९ चा तर हजारो पानांचा होता. आणि जोगिणींच्या धोबीखान्यांत, जिथे 'वाट चुकलेल्या' मुलींना कोंडून राबवायचे, त्यातला शेवटचा बंद झाला १९९६ ला. पोलंडमध्ये १७९५ नंतर देशच नकाशावरून पुसला गेला तेव्हा चर्चनं पोलिश भाषा आणि ओळख जपली, म्हणून लोक चर्चला धरून राहिले. आयर्लंडमध्येही इंग्रजांविरुद्ध हेच होतं. इंग्रज गेले, राज्य आपलं झालं, मग चर्चनं आपल्याच पोरींचं काय केलं ते बाहेर आलं. वाटसरू, तुमच्या यादीत जमीन आहे, वही आहे, पण हा विश्वासघात कुठे बसवणार?